‘मोठ्या उत्साहात संपन्न’ झालेले रेझ्युमे

मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम केलेल्या कुणालाही विचारा, रोज संध्याकाळी कोणता शब्द सगळ्यात जास्त वेळा खोडावा लागतो. ‘उत्साहात’. कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन झाले. उपस्थितांनी टाळ्यांच्या कडकडाटात दाद दिली. अशा प्रेसनोटमधून बातमी काढणं म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखं काम, फक्त इथे खडेच जास्त आणि तांदूळ मूठभर. कोण आलं, काय ठरलं, किती पैसे, कधीपासून, यातलं काही सापडलं तर चार ओळी लागायच्या. नाही सापडलं तर कागद टोपलीत.

सहा वर्षं मी ते काम केलं. मग पीआरमध्ये आले, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. आता दर एप्रिल-मे महिन्यात इंटर्नशिपसाठी आलेले रेझ्युमे माझ्याकडे येतात आणि खरं सांगते, मी अजून डेस्कवरच बसलेय असं वाटतं. प्रेसनोट मराठीत असायची, रेझ्युमे इंग्रजीत असतो, एवढाच फरक. ‘उत्साहात’च्या जागी ‘पॅशनेट’ येतं. ‘मान्यवर’च्या जागी ‘डायनॅमिक’. ‘टाळ्यांच्या कडकडाटात’च्या जागी ‘रिझल्ट-ड्रिव्हन’. बीएएमएमसीच्या शेवटच्या वर्षाचा, २१ वर्षांचा मुलगा लिहितो की त्याने कॉलेज फेस्टचं पीआर ‘स्पीअरहेड’ केलं. म्हणजे नेमकं काय केलं रे बाबा, असं फोनवर विचारलं की पलीकडे शांतता.

माझं म्हणणं सरळ आहे. पीआरमध्ये येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा रेझ्युमे ही त्याची पहिली प्रेसनोट असते. इतर क्षेत्रांत रेझ्युमे कामाबद्दल सांगतो, इथे रेझ्युमे हेच काम आहे. घाईत असलेल्या, विश्वास न ठेवणाऱ्या, तुम्हाला न ओळखणाऱ्या वाचकापर्यंत एका पानात खरी आणि तपासता येईल अशी माहिती पोचवायची. उद्या आम्ही तुम्हाला पगार देणार तो याचसाठी. ज्या कागदावर हे कौशल्य दिसायला हवं, त्याच कागदावर तुम्ही ‘मोठ्या उत्साहात संपन्न’ लिहून पाठवता.

*

आधी टेम्प्लेटचा समाचार घेऊ. कॅनव्हावरचं ते टेम्प्लेट तुम्ही ओळखता. डाव्या बाजूला रंगीत पट्टी, वर गोल फोटो, खाली ‘स्किल्स’ आणि प्रत्येक स्किलपुढे भरलेला बार. कम्युनिकेशन ९० टक्के. लीडरशिप ८५. क्रिएटिव्हिटी ९५. हे मोजलं कुणी? उरलेल्या १० टक्के कम्युनिकेशनमध्ये काय राहिलं, फोन उचलणं? डेस्कवर असा बेवारशी आकडा आला की पहिला प्रश्न जायचा, ‘कुणी सांगितलं?’ तुमच्या रेझ्युमेवरच्या आकड्याला हा प्रश्न विचारला तर उत्तर काय आहे?

‘टीम प्लेअर’ वाचलं की मला लग्नाच्या बायोडेटातला ‘मनमिळाऊ’ आठवतो. ‘हार्डवर्किंग’ म्हणजे ‘गृहकृत्यदक्ष’. स्वतःला भांडखोर आणि आळशी कुणीच लिहीत नाही, म्हणून हे शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. ज्या वाक्याच्या उलट वाक्य जगात कुणीही लिहिणार नाही, ते वाक्य प्रेसनोटमध्येही नको आणि रेझ्युमेतही नको. हा एकच नियम लावला तरी निम्मं पान रिकामं होतं.

आणि सगळ्यात खाली ती ओळ, सरकारी अर्जांतून थेट उचललेली. ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे असे मी जाहीर करतो.’ ठिकाण, तारीख, सही. वर ९५ टक्के क्रिएटिव्हिटी आणि खाली प्रतिज्ञापत्र! ही ओळ काढून टाका. ती नसली तरी माहिती खरी असायला हवी आणि ती असली म्हणून खोटी माहिती खरी होत नाही. तिच्यासोबत वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती हेही जाऊ द्या. प्रेसनोट लिहायला यातलं काहीच लागत नाही.

मुलांना हे शिकवतं कोण? एका कॉलेजात मला बोलवलं होतं, तिथे माझ्या आधीच्या वक्त्याने पडद्यावर ‘ॲक्शन व्हर्ब्ज’ची यादी लावली होती. अख्खा वर्ग फोन वर करून तिचा फोटो काढत होता. म्हणजे त्या वर्षी त्या वर्गातून निघालेल्या प्रत्येक रेझ्युमेत तेच शब्द. हल्ली चॅटजीपीटीला सांगितलं की तो हेच दहा सेकंदांत करून देतो. त्याचा तरी काय दोष? तुम्ही काय केलंय हे तुम्ही त्याला सांगितलेलं नसतं, मग तो रिकामी जागा विशेषणांनी भरतो. विशेषण बहुतेक वेळा तिथेच येऊन बसतं जिथे माहिती नसते.

*

इथे एक हुशार मुलगा हात वर करतो. ‘पण मॅम, पीआर म्हणजे फुगवून सांगणंच ना? मग फुगवलेला रेझ्युमे हा आमचा कामाचा नमुनाच झाला की!’

टाळी घेणारा युक्तिवाद आहे, पण या धंद्याचा इतिहास त्याच्या विरोधात जातो. अमेरिकेतला आयव्ही ली आधी पत्रकार होता, मग पीआरमध्ये आला. १९०६ साली कोळसा खाणमालकांचं काम करताना त्याने वृत्तपत्रांना एक जाहीरनामा पाठवला. त्याचा आशय असा होता की आम्ही जे करतो ते उघडपणे करतो, देतो ती माहिती अचूक असते आणि तुम्हाला ती तपासायची असेल तर आम्ही मदत करू. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी अटलांटिक सिटीजवळ पुलावरून पाण्यात कोसळली, ५० हून जास्त माणसं गेली. रेल्वे कंपन्या तोवर अपघात दडपायच्या. लीने उलट केलं. कंपनीच्या नावाने निवेदन काढलं, वार्ताहरांना घटनास्थळी नेलं. आधुनिक प्रेसनोटची सुरुवात म्हणून अनेक जण याच निवेदनाकडे बोट दाखवतात. म्हणजे आपला धंदा सुरू झाला तोच ‘या, बघा, तपासा’ म्हणत.

याच लीचं पुढे काय झालं तेही ऐका. १९१४ साली कोलोरॅडोत लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायका-मुलंही मेली. खाण रॉकफेलर कुटुंबाची होती आणि ली त्यांच्यासाठी पत्रकं काढत होता. संपाच्या पुढाऱ्यांना मिळणाऱ्या पैशांचे आकडे त्या पत्रकांत फुगलेले होते. चौकशीत ते उघडं पडलं. लेखक अप्टन सिंक्लेअरने त्याला ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव दिलं आणि ते नाव त्याला आजही चिकटलेलं आहे. जाहीरनामा त्याचाच आणि फुगवलेला आकडाही त्याचाच. शंभर वर्षांनंतरही त्याच्यावर लिहिणारे दोन्ही गोष्टी एका दमात सांगतात.

आपल्याकडे पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ पासून आहे. १९६८ मध्ये दिल्लीतल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली, म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन. तुमचे रेझ्युमे आमच्याकडे येतात त्याच हंगामात तो येतो, हा योगायोगच म्हणायचा.

पीआरवाल्याची खरी कमाई एकच असते. स्क्रीनवर त्याचं नाव दिसल्यावर वार्ताहर फोन उचलतो की नाही. तो उचलतो, कारण मागच्या दहा वेळा या माणसाने दिलेला आकडा बरोबर निघाला होता. काय सांगायचं आणि काय आधी सांगायचं हे निवडणं म्हणजे पीआर. जे घडलंच नाही ते सांगणं ही थाप. थाप कुणालाही मारता येते, त्यासाठी तीन वर्षांची पदवी कशाला?

*

आता मला ज्याची खरी चीड येते, ते सांगते. या टेम्प्लेटमुळे नुसती भाषा बिघडत नाही, सगळ्यात चांगली माणसं दिसेनाशी होतात.

काही वर्षांपूर्वी सांगलीजवळच्या एका गावातल्या मुलीचा अर्ज आला होता. रेझ्युमे नेहमीचाच, ‘एक्सलंट इंटरपर्सनल स्किल्स’ वगैरे. बाजूला ठेवणार होते, पण जागा भरायची घाई होती म्हणून फोन लावला. बोलता बोलता २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा विषय निघाला. ती तेव्हा बारावीत होती. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर तासाला अफवा यायची, कोयनेतून आणखी पाणी सोडलं, अमुक बंधारा फुटला. या मुलीने काय केलं? दिवसातून तीन वेळा आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी प्रशासनाच्या माहितीवरून तपासायची आणि वेळ घालून ग्रुपवर टाकायची. अफवा आली की तहसील कार्यालयात फोन करायचा आणि उत्तर त्याच ग्रुपवर द्यायचं. कुठल्या गल्लीत कोण म्हातारं माणूस अडकलंय याची यादी तिने वहीत केली आणि बोट घेऊन आलेल्यांच्या हातात दिली.

मी विचारलं, ‘हे रेझ्युमेत का नाही लिहिलंस?’

ती म्हणाली, ‘मॅम, ते काय पीआर थोडंच आहे?’

बाई गं, तेच तर पीआर आहे! आमच्या धंद्यात त्याला क्रायसिस कम्युनिकेशन म्हणतात. ठरावीक वेळी माहिती, एकच अधिकृत आवाज, अफवेला तत्काळ उत्तर आणि सगळ्यात आधी ज्यांचा जीव धोक्यात आहे ती माणसं. कंपन्या याच्या कार्यशाळा घेतात. या मुलीने ते लाइट गेलेल्या घरात, फोनची बॅटरी वाचवत केलं होतं. आणि टेम्प्लेटने तिला शिकवलं की ते झाकून ठेव, त्याऐवजी ‘पॅशनेट’ लिही.

हे असं सगळीकडे झालंय. मंडळाच्या रक्तदान शिबिराची बातमी घेऊन तालुक्याच्या वार्ताहराकडे चकरा मारलेला मुलगा ते लिहीत नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेची पोस्टरं करून गावभर लावलेली मुलगी ते लिहीत नाही. एनएसएसच्या शिबिरात ग्रामसभेपुढे उभं राहून शोषखड्डे का हवेत हे पटवलेला मुलगा ते लिहीत नाही. जनसंपर्कातला ‘जन’ ज्यांना माहीत आहे तेच रेझ्युमेतून स्वतःला पुसून टाकतात. मग निवड होते ती ज्यांचं इंग्रजी गुळगुळीत आहे त्यांची.

*

मग लिहायचं कसं? प्रेसनोटसारखं. कोण, काय, कधी, कुठे, किती. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, कारण डेस्क खालून कापतो आणि रेझ्युमे वाचणाराही तेच करतो.

‘मॅनेज्ड पीआर फॉर कॉलेज फेस्ट.’ मुंबईतल्या फेस्टमध्ये पीआर टीम म्हणजे बहुधा इतर कॉलेजांना फोन करून त्यांच्या टीम आणणारी मुलं, हे आम्हालाही ठाऊक आहे. तेच लिहा की. उदाहरणार्थ, ‘तीन दिवसांच्या फेस्टसाठी २२ कॉलेजांशी संपर्क साधला, त्यातल्या १४ कॉलेजांच्या टीम आल्या.’ २२ पैकी १४ हा आकडा लाजिरवाणा नाही. उरलेल्या आठ जणांनी नकार दिला तेव्हा तुम्ही काय केलंत, हा मुलाखतीतला उत्तम प्रश्न होतो आणि तो तुम्हीच माझ्या हातात दिलेला असतो.

‘हँडल्ड मीडिया रिलेशन्स.’ त्याऐवजी, ‘मंडळाच्या रक्तदान शिबिराची प्रेसनोट मराठीत लिहिली, सहा वार्ताहरांना पाठवली, दोन दैनिकांच्या स्थानिक आवृत्तीत छापून आली.’ खाली कात्रणांची लिंक. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा, कारण परवानगी मागणारी ड्राइव्हची लिंक म्हणजे बंद दरवाजा.

‘ग्रू इन्स्टाग्राम पेज.’ त्याऐवजी, ‘चार महिने, आठवड्याला तीन पोस्ट, ६०० फॉलोअरचे ९५०. यातली बहुतेक वाढ एका रीलमुळे.’ शेवटचं वाक्य लिहायला हिंमत लागते. पण ते वाचलं की मला कळतं, या मुलाला आकड्यामागचं कारण बघता येतं.

आकड्यांचंही एक सांगते. ‘रीच दहा लाख’ असलं काही लिहू नका. छापून आलेल्या बातमीची जागा मोजून, जाहिरातीचा दर लावून तिची ‘किंमत’ काढायची पद्धत आमच्याकडे वर्षानुवर्षं होती, तिला एव्हीई म्हणतात. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र येऊन मोजमापाची तत्त्वं ठरवली, त्यात हा आकडा म्हणजे पीआरचं मूल्य नव्हे असं स्पष्ट म्हटलं. तरीही काही क्लायंट तो मागतात आणि काही एजन्सी देतात. आमची ही जुनी खोड निदान तुम्ही तरी उचलू नका. किती लोकांनी पाहिलं असेल यापेक्षा पाहून कुणी काय केलं ते लिहा. रक्तदानाला किती माणसं आली?

‘पण एटीएसचं काय? कीवर्ड नसले तर सॉफ्टवेअरच बाहेर काढतं.’ मोठ्या कंपन्यांत अर्ज सॉफ्टवेअरमधून जातात हे खरं. म्हणून ‘मीडिया रिलेशन्स’, ‘प्रेस रिलीज’ हे शब्द जरूर घाला, पण प्रत्येक शब्दाच्या गळ्यात एक घडलेली गोष्ट बांधा. सॉफ्टवेअरच्या पलीकडे शेवटी माणूसच बसलेला असतो आणि तो ते पान लोकलमध्ये, उभ्याने, फोनवर वाचत असतो. एकच पान, एकच रकाना, साधी पीडीएफ आणि फाइलला स्वतःचं नाव. ‘फायनल फायनल २’ हे नाव नव्हे.

*

आता भाषेबद्दल. रेझ्युमेच्या तळाशी, हॉबीजच्या जरा वर एक ओळ असते. ‘लँग्वेजेस नोन: इंग्लिश, हिंदी, मराठी.’ मराठी शेवटी, जणू घरातली अडगळ.

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आणि त्याची जिल्हा माहिती कार्यालयं रोज मराठीत बातम्या काढतात. आणि खासगी एजन्सीत मी काय बघते? मुंबईत इंग्रजीत लिहिलेली प्रेसनोट यंत्रातून मराठीत ढकलली जाते, नाशिक-कोल्हापूरच्या डेस्कवर पोचते आणि तिथला उपसंपादक कपाळाला हात लावतो. ‘आम्ही घोषणा करण्यास उत्साहित आहोत.’ अशी प्रेसनोट कोण छापणार? ती माणसाच्या मराठीत आणणारा इंटर्न आम्हाला हवा असतो आणि तो कुठे शोधायचा ते कळत नाही, कारण त्याने ते लिहिलेलंच नसतं.

रेझ्युमे इंग्रजीत ठेवा, हरकत नाही. पण ‘मराठी’ एवढंच लिहून थांबू नका. मराठीत काय करता येतं ते लिहा. प्रेसनोट लिहिता येते, इंग्रजीवरून भाषांतर करता येतं, शुद्धलेखन तपासता येतं, युनिकोडमध्ये वेगाने टाइप करता येतं. सोबत एकच बातमी दोन्ही भाषांत लिहून जोडा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी येत असेल तर तेही लिहा. ग्रामीण भागात मोहीम न्यायची असते तेव्हा त्याची किंमत कळते.

*

सगळा राग विद्यार्थ्यांवर काढून मी मोकळी होणार नाही. ‘पॅशनेट’ हा शब्द आधी आमच्या जाहिरातीत येतो, मग तुमच्या रेझ्युमेत. आम्ही लिहितो, ‘पॅशनेट इंटर्न हवेत’, आणि त्याखाली स्टायपेंडचा आकडा गाळतो. अनेकदा या पॅशनचा अर्थ फुकट काम एवढाच असतो. तीन महिने बिनपगारी मुंबईत राहायचं, कॉटचं भाडं आणि लोकलचा पास घरच्यांनी भरायचा. हे ज्यांना परवडतं त्यांच्या रेझ्युमेत ‘अनुभव’ दिसतो. ज्याला सुट्टीत बापाच्या दुकानात बसावं लागतं त्याच्या रेझ्युमेत ती जागा रिकामी राहते आणि रिकामी जागा दिसू नये म्हणून तो विशेषणं भरतो. दुकानात गिऱ्हाईकांच्या तक्रारी त्यानेच ऐकलेल्या असतात, पण ते लिहायचं असतं हे त्याला कुणी सांगत नाही.

तेव्हा एजन्सीवाल्यांना माझं म्हणणं एवढंच. जाहिरातीत पैसे किती ते लिहा. अर्जासोबत शंभर शब्दांची प्रेसनोट मागा, मराठीत लिहिली तरी चालेल असं सांगा. प्लेसमेंट सेलने ती क्रियापदांची यादी काढून टाकावी आणि मुलांना एक साधा प्रश्न विचारावा. मागच्या तीन वर्षांत तुझ्यामुळे कुणाला काय कळलं, जे त्याला आधी माहीत नव्हतं?

आणि तुम्ही, जे हे फोनवर वाचताय, आपला रेझ्युमे उघडा. लाल पेन घ्या आणि प्रत्येक विशेषण खोडा. मग प्रत्येक ओळीला विचारा, ‘कुणी सांगितलं?’ ज्या ओळीला उत्तर नाही ती खोडा. जे उरेल ते तीन ओळींचं असलं तरी चालेल, त्या तीन ओळी मी शेवटपर्यंत वाचेन. नाव आणि फोन नंबर सोडून काहीच उरलं नाही, तर हे सत्र संपायच्या आत एक खरी प्रेसनोट लिहा. सोसायटीच्या पाणीप्रश्नाची, शाळेच्या वाचनालयाची, कशाचीही. ती छापून आणायचा प्रयत्न करा. छापून आली नाही तर का नाही आली ते वार्ताहराला विचारा, उत्तर वहीत लिहून ठेवा आणि दुसरी लिहा. त्यात फक्त ‘मोठ्या उत्साहात’ नको.